किल्ली शेजारच्या घरात असते : कोकणातली जन्मघरं आणि छोटी संग्रहालयं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दिवाळी किंवा मे महिना जवळ आला की मला निरोप यायला लागतात. पालगडचं घर उघडं असतं का, थिबा राजवाड्याला किती वेळ ठेवू, मुलं कंटाळणार नाहीत ना. मी रत्नागिरीकडचा. पाहुण्यांना घेऊन या घरांमधून बरीच वर्षं फिरतो आहे, आणि दर खेपेला तीच उत्तरं नव्याने देतो. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतो आहे. वाचून निघालात तर निम्मे हेलपाटे वाचतील.

नेमकी कुठली ठिकाणं? कोकण म्हणजे आम्हाला समुद्र आणि देवळंच माहीत.

मुंबईकडून निघालात तर पनवेलच्या पुढे, कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण लागतं. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ साली या गावातला. गोवा महामार्गावरून रोज हजारो गाड्या जातात, पण त्यांच्या वाड्याकडे वळणारी फार थोडी. पेणहून खोपोलीकडे जाताना आत गागोदे बुद्रुक आहे. विनोबा भावे तिथले, जन्म ११ सप्टेंबर १८९५. पुढे श्रीवर्धन, पेशव्यांच्या भट घराण्याचं मूळ गाव. मंडणगड तालुक्यात बाबासाहेब आंबेडकरांचं आंबडवे, दापोली तालुक्यात साने गुरुजींचं पालगड आणि रमाई आंबेडकरांचं माहेर वणंद. रत्नागिरी शहरात टिळकांचं जन्मघर, थिबा राजवाडा आणि पतितपावन मंदिर हाकेच्या अंतरावर नसले तरी रिक्षाने एका दिवसात होतात. गणपतीपुळ्याला लागून मालगुंड, म्हणजे केशवसुतांचं गाव. आणि दक्षिणेला कुडाळजवळ पिंगुळी, त्यापुढे सावंतवाडीचा राजवाडा.

यातली काही ठिकाणं सरकारी आहेत, काही संस्थांची, काही निव्वळ एका कुटुंबाने जपलेली. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढची बरीच उत्तरं त्यावरच अवलंबून आहेत.

चार दिवस आहेत. सगळं होईल का?

होईल, पण गाडीच्या काचेतून. मी तसं करायला सांगणार नाही. घाटाचे आणि खाड्यांचे रस्ते नकाशात दिसतात त्यापेक्षा लांब असतात. दोन दिवस रत्नागिरी आणि मालगुंड, किंवा दोन दिवस कुडाळ आणि सावंतवाडी, किंवा दापोलीत मुक्काम ठेवून पालगड, वणंद, आंबडवे. यातला एक भाग निवडा. बाकीचं पुढच्या खेपेला.

ही घरं उघडी कधी असतात?

पुरातत्त्व विभागाकडची ठिकाणं, उदाहरणार्थ थिबा राजवाड्यातलं संग्रहालय, कार्यालयाच्या वेळेत उघडी असतात आणि सोमवारी बहुधा बंद. तेव्हा सोमवार प्रवासात घालवा. सरकारी सुट्ट्यांचंही आधी विचारून घ्या.

संस्थेची किंवा घरच्यांची ठिकाणं मात्र माणसावर चालतात. किल्ली शेजारच्या घरात, वाण्याच्या दुकानात किंवा शाळेतल्या गुरुजींकडे असते. ते शेतावर गेले असतील, लग्नाला गेले असतील, तालुक्याला दवाखान्यात गेले असतील. एकदा मी दहा जणांना घेऊन एका जन्मघरापाशी भर दुपारी बाराला पोचलो, फोन न करता. दाराला कुलूप. तासभर चिंचेखाली बसलो. शेवटी शेजारच्या आजी आल्या. किल्ली त्यांच्या कमरेलाच होती, पण त्या जेवून जरा आडव्या झाल्या होत्या आणि आम्ही हाक मारायला संकोचलो होतो. "अवो, हाक मारूची होती ना, मी काय झोपलंय थोडीच!" असं म्हणत त्यांनी दार उघडलं. आधी स्वतः आत जाऊन खिडक्यांचे अडणे काढले, केरसुणी फिरवली आणि मगच आम्हाला आत बोलावलं.

त्या दिवसापासून माझा नियम ठरलेला आहे. आदल्या दिवशी फोन. नंबर मिळत नसेल तर त्या गावच्या ग्रामपंचायतीत किंवा जिथे मुक्काम असेल त्या घरमालकांना विचारायचं. गावात पोचल्यावर पहिल्या भेटलेल्या माणसाला "घर कुठे आहे" असं न विचारता "किल्ली कोणाकडे असते" असं विचारायचं. दुपारी एक ते चार कोणाच्याही दारात उभं राहायचं नाही.

थिबा राजवाड्यात काय बघायचं?

आधी गोष्ट माहीत हवी, नाहीतर तो एक मोठा रिकामा बंगला वाटतो. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ च्या युद्धानंतर इंग्रजांनी त्याला राण्या-मुलींसह देशाबाहेर काढलं आणि १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं. तेव्हाची रत्नागिरी म्हणजे पावसाळ्यात बंदर बंद झालं की जगापासून तुटणारं गाव. राजाला दूर ठेवायला याहून सोयीची जागा कुठली! हा राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये. म्हणजे आयुष्यातली पंचवीसेक वर्षं तो रत्नागिरीतच दुसऱ्या बंगल्यांमध्ये राहिला आणि स्वतःसाठी बांधलेल्या घरात त्याला जेमतेम सहा वर्षं मिळाली. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच गेला.

आता वर जा आणि गॅलरीत उभे राहा. उतरत्या छपरांची तीन मजली इमारत, अर्धगोल खिडक्या, त्यांवर लाकडाचं कोरीव काम, पहिल्या मजल्यावर संगमरवरी जमिनीचं दालन. गॅलरीतून खाडी आणि समुद्र दिसतो. राजा तासन् तास समुद्राकडे बघत बसायचा असं रत्नागिरीत प्रत्येक जण सांगतो. मी त्याची खातरजमा केलेली नाही, पण तिथे उभं राहिलं की दुसरं काही सुचत नाही. खालच्या दालनांतल्या जुन्या मूर्तीही बघा, घाई करू नका. दीड तास ठेवा. आणि वेळ काढून शिवाजीनगर भागातल्या त्याच्या समाधीला जा. तिथे फारसं कोणी जात नाही, म्हणून मी मुद्दाम सांगतो.

टिळकांच्या जन्मघरात दहा मिनिटांत बघून झालं. आम्ही काही चुकवलं का?

हो, घर चुकवलंत. तुम्ही भिंतीवरच्या तसबिरी आणि खालचा मजकूर वाचून बाहेर आलात. जन्मघरात बघायची मुख्य वस्तू म्हणजे ते घर.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. मूळ गाव चिखलगाव, दापोली तालुक्यात. वडील गंगाधरपंत शिक्षक, आणि कुटुंब भाड्याने राहत होतं. १८६६ साली वडिलांची पुण्याला बदली झाली, तेव्हा बाळ दहा वर्षांचा होता. म्हणजे हा कोणा सरदाराचा वाडा नाही. पगारी माणसाचं बिऱ्हाड आहे, आणि म्हणूनच ते मला मोलाचं वाटतं. त्या काळची सामान्य घरं पडली, विकली गेली, त्यांच्या जागी इमारती आल्या. हे राहिलं ते टिळकांच्या नावामुळे.

कुठल्याही जुन्या कोकणी घरात शिरताना मी पाहुण्यांना पुढच्या क्रमाने दाखवतो. आधी जोतं बघा, किती चिऱ्यांचं आहे ते. भिंतीचा तांबडा दगड म्हणजे जांभा. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हत्याराने सहज कापला जातो, आणि वारं लागलं की कठीण होतो. गवंड्याने मारलेल्या हत्याराचे तिरके घाव अनेकदा अजून दिसतात, त्यांवरून बोट फिरवा. मग ओटी किंवा पडवी, परक्या माणसाची हद्द तिथपर्यंत. आत माजघर, तिथे उजेड कमी आणि गारवा जास्त. त्याच्या आत देवघर आणि स्वयंपाकघर. बाळंतिणीची खोली घरात सगळ्यात अंधारी, उबदार. तिथे थोडं थांबा, कारण जन्मघर म्हणतो ते याच खोलीमुळे.

दाराच्या मागे भिंतीत एक चौकोनी भोक असतं. ते अडसराचं. रात्री लाकडाचा दांडा त्यातून ओढून दार बंद करायचं. भोकाची कड हाताने पुसून पुसून गुळगुळीत झालेली असते, तळहात लावून बघा. वर तुळईला लोखंडी कड्या असतील, पाळण्याच्या किंवा झोपाळ्याच्या. मान वर करून वासे बघा. ज्या खोलीवरचे वासे काळेकुट्ट, तिथे चूल होती. जुनी माणसं सांगतात की त्या धुरानेच लाकूड टिकायचं, चुली विझल्या आणि भुंगा लागला. जमिनीत बसवलेलं व्हायन म्हणजे उखळ, कोपऱ्यातलं जातं, भिंतीतले कोनाडे, त्या कोनाड्यांत दिव्याच्या काजळीचा डाग. परसात विहीर, रहाट, न्हाणीचा दगड. एवढं बघायला पाऊण तास लागतो.

मालगुंडला जाण्यासारखं आहे का? गणपतीपुळ्याला तर जाणारच आहोत.

मग न जाण्याचं कारणच नाही. देवळापासून दोनेक किलोमीटरवर आहे. केशवसुत, म्हणजे कृष्णाजी केशव दामले, यांचा जन्म इथे १८६६ साली झाला. आधुनिक मराठी कवितेची सुरुवात आपण त्यांच्यापासून धरतो, आणि हा माणूस १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने गेला तेव्हा चाळिशीतही पोचला नव्हता. कोकण मराठी साहित्य परिषदेने इथे त्यांचं स्मारक उभारलं, मधु मंगेश कर्णिक यांनी त्यासाठी जीव ओतला. कौलारू घर, सारवलेली जमीन, बाहेर बागेत दगडांवर कोरलेल्या कविता, आणि एका दालनात मराठी कवींची चित्रं आणि माहिती.

माझं आवडतं काम इथे एकच. मुलांपैकी एकाला बागेतली एक कविता मोठ्याने वाचायला सांगतो. पहिल्या दोन ओळी लाजत वाचतात, मग आवाज चढतो. दगडावरची अक्षरं तोंडाने म्हटल्याशिवाय तिथून निघू नका.

पालगड, वणंद, आंबडवे एका दिवसात?

दापोलीत मुक्काम असेल तर सकाळी लवकर निघून होतात. पालगडला साने गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा. घराणं खोतांचं, पण गुरुजींच्या लहानपणीच परिस्थिती खालावली. लहानपणी त्यांचं लेखन वाचून ज्यांनी डोळे पुसले, ती माणसं या घरात शिरली की बोलायची थांबतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. वर पालगडचा किल्ला आहे, पण दोन्ही करायचं असेल तर वेगळा दिवस काढा.

आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. आडनावाचा उगम या गावाच्या नावात आहे. वणंद हे रमाईंचं माहेर. दोन्हीकडे लोक चपला बाहेर काढून, हात जोडून येतात. तुम्ही सहलीच्या मूडमध्ये असाल तर गाडीतच तो मूड ठेवून या. १४ एप्रिलच्या आसपास मोठी गर्दी असते. ती गर्दी अनुभवायची असेल तर जरूर जा, पण निवांत बघायचं असेल तर दुसरी तारीख धरा.

पिंगुळी आणि सावंतवाडीत वेगळं काय आहे?

इथे वस्तू अजून वापरात आहेत, हे वेगळं. पिंगुळीतल्या ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या ही परंपरा. सावंतवाडीच्या संस्थानिकांचा तिला आश्रय होता. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचं रूपांतर करून तिथे ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय उभं केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रकथीची चित्रं रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची, कागदावर रंगवलेली, एका कथेचा एक गठ्ठा. त्याला पोथीच म्हणतात. एकेक चित्र समोर धरून गात गोष्ट पुढे न्यायची. आधी कळवलंत तर बाहुल्यांचा छोटा खेळही बघायला मिळू शकतो. त्याचं मानधन वेगळं, ते घासाघीस न करता द्या.

सावंतवाडीचा राजवाडा मोती तलावाच्या काठावर. तिथे गंजिफा रंगवणारे कलाकार बसलेले दिसतात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पत्ते, एकूण १२०. मूळ पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, वर खडूचा लेप देऊन, घोटून पत्ता तयार व्हायचा आणि शेवटी लाखेचा हात. ही कला विझत आली होती, ती राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी पुन्हा उभी केली.

कलाकाराच्या मागे उभे राहा, उजेड अडवू नका. मी एकदा असाच बघत होतो. रुपयाच्या नाण्याहून थोड्या मोठ्या पत्त्यावर ताई मत्स्यावताराचे खवले काढत होत्या. ब्रश इतका बारीक की टोक दिसत नव्हतं, फक्त रंग उमटताना दिसायचा. प्रत्येक खवल्याच्या वेळी श्वास रोखलेला. सात-आठ खवले झाले की ब्रश बाजूला, एक खोल श्वास, बोटं झटकायची, पुन्हा सुरू. पत्त्यांच्या संचाची किंमत ऐकून महाग म्हणणाऱ्यांनी पाच मिनिटं तिथे उभं राहावं.

पावसाळ्यात आलो तर चालेल?

चालेल, पण घर ओलं असेल. दारं फुगून घट्ट बसतात, वीज जाते, काही ठिकाणी पडवीला झापं, म्हणजे विणलेल्या झावळ्या, बांधलेली असतात आणि आत अंधार असतो. टॉर्च आणा. जुलैत घाट आणि महामार्गावर दरडींचा भरवसा नाही. मला स्वतःला श्रावणातलं जांभ्याचं घर फार आवडतं, कौलांवरचा पाऊस आत बसून ऐकण्यासारखा असतो. पण पहिल्यांदा येत असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरा. गणपती आणि शिमग्यात घरमालक पाहुण्यांत आणि पालखीत गुंतलेले असतात, तेव्हा किल्लीची अपेक्षा ठेवू नका.

याच दमटपणाशी ही संग्रहालयं बाराही महिने झगडत असतात. वाळवी, कसर, बुरशी. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं. २००५ आणि २०२१ च्या महापुरांत तिथल्या पुस्तकांची काय दशा झाली ते चिपळूणकरांना विचारा. तरी ते पुन्हा उभं राहिलं. एखाद्या ठिकाणी कपाट रिकामं दिसलं, पाटी फिकट झालेली दिसली, तर "देखभाल नाही" असं म्हणण्याआधी एवढं आठवा.

तिकीट किती? पैसे द्यायचे का?

सरकारी ठिकाणी किरकोळ तिकीट असतं किंवा नसतंच. बाकी ठिकाणी देणगी पेटी. सुटे पैसे सोबत ठेवा, आत खेड्यात रेंज नसेल तर मोबाइलवरून पैसे जात नाहीत. किल्ली घेऊन आलेल्या काकांच्या हातात नोट कोंबू नका, अनेकांना ते अपमानाचं वाटतं. पेटीत टाका, किंवा त्यांच्या घरचं कोकम, आमसुलं, पापड विकत घ्या.

फोटो काढू का?

विचारून. सरकारी संग्रहालयात पाटी वाचा. राहत्या घरात देवघराचा आणि स्वयंपाकघराचा फोटो घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय नाही. जुन्या चित्रांवर फ्लॅश नको.

मुलं कंटाळतील ना?

मोठ्यांनी व्याख्यान दिलं तर कंटाळतील. त्यांना शोधायला लावा. या घरात लोखंडी खिळे किती ठिकाणी आहेत? दिवा कुठे ठेवत असतील? पाणी आत कुठल्या दाराने यायचं? जात्याचा खुंटा धरून एक फेरा ओढायला मिळाला, अर्थात परवानगी असेल तिथे, तर ते दुसरं सगळं विसरतील पण तो विसरणार नाहीत.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. जमेल का?

जुन्या घरांचे जिने उभे आणि अरुंद असतात, हाताला दोर असतो, कठडा नाही. माडीवर गेलंच पाहिजे असं नाही. काही घरांपर्यंत गाडी जात नाही, पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून जावं लागतं, म्हणून फोनवर तेवढं विचारा. दाराच्या चौकटी बुटक्या, उंच माणसांनी कपाळ सांभाळा. बाकी आई-बाबांना आणाच. "आमच्याकडे असंच होतं" असं म्हणून ते जे सांगायला लागतात, ते कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नसतं.

स्वतःची गाडी नाही.

रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडी, खेड ही कोकण रेल्वेची स्थानकं. दापोलीला खेडहून जायचं. रत्नागिरी आणि सावंतवाडीची स्थानकं शहराबाहेर आहेत, रिक्षा करावी लागते. पुढे एसटी. आतल्या गावांना दिवसाला दोन-तीनच फेऱ्या असतात, तेव्हा उतरतानाच कंडक्टरला परतीची गाडी विचारून ठेवा.

गोव्याला जोडून काही बघता येईल?

सावंतवाडीहून गोवा जवळच. सासष्टीत चांदोर गावी मिनेझिस ब्रागांझा घराण्याचं मोठं घर आहे, दोन शाखांचे दोन भाग, आणि दोन्हींत कुटुंबाचा वावर. तिथे घरचंच माणूस तुम्हाला फिरवतं. कोकणी ओटी-माजघराचं घर आधी बघून मग तिथला नाचाचा दिवाणखाना बघा. दोन-तीन तासांच्या रस्त्यावर घर ही कल्पना केवढी बदलते ते डोळ्यांना कळतं.

गावच्या घरात आजीची भांडी, पाळणा, कागद पडून आहेत. संग्रहालयाला देता येतील का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानतो. देता येतील, पण वस्तू उचलून नेऊन टाकू नका. आधी विचारा, त्यांच्याकडे जागा आहे का, तशी वस्तू आधीच आहे का. घर सामायिक असेल तर सगळ्या हिस्सेदारांचा होकार लेखी घ्या. नंतर भाऊबंदकीतून वस्तू परत मागायची वेळ संस्थेवर येऊ नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वस्तूसोबत तिची माहिती द्या. कोणाची, कुठल्या गावची, कशासाठी वापरायची, तुमच्या घरात तिला काय म्हणायचे. नुसतं घंगाळ म्हणजे तांब्याचं भांडं. "पणजीने मुंबईला गेलेल्या मुलाच्या पहिल्या मनीऑर्डरीतून घेतलेलं" असं घंगाळ म्हणजे त्या गावचा इतिहास. हे सांगणारी माणसं घरात असतील तोवर फोनवर त्यांचा आवाज मुद्रित करून ठेवा. जुने कागद घासू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको.

अभिप्रायवहीत काय लिहू?

"खूप छान" याच्या पुढे एक ओळ लिहा. कुठून आलात, काय आवडलं, काय दिसलं नाही, कुठे पाणी गळतंय. संस्थेची माणसं अनुदानाचा अर्ज करताना या वह्या दाखवतात, म्हणून तारीख आणि गावाचं नाव स्पष्ट लिहा. तुमच्या आजोळाचा त्या गावाशी काही संबंध असेल तर तोही लिहा. एका वहीत एका बाईंनी लिहिलं होतं की समोरच्या विहिरीचा रहाट त्यांच्या आजोबांनी बसवला होता. किल्लीवाल्या काकांनी ते पान मला दोनदा दाखवलं. वहीला बांधलेलं पेन बहुतेक वेळा संपलेलं असतं, तेव्हा खिशात एक ठेवा आणि निघताना तिथेच सोडून या.